नवीन लिनक्स टाकलं, पण वाय-फायच दिसेना? विंडोजकडे परत जाण्याआधी हे वाचा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे, पण तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ टाकायचं तर टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा लागते, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतच नाहीत. म्हणजे २०१५-१६ चा लॅपटॉप अगदी ठणठणीत असला तरी कागदोपत्री तो बाद.

परभणीसारख्या जिल्ह्यात बऱ्याच घरांत एकच लॅपटॉप असतो, तोही अनेकदा सेकंडहँड. महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज, सीईटीचा फॉर्म, ऑनलाइन क्लास, सगळं त्याच्यावरच. असा लॅपटॉप भंगारात घालण्यापेक्षा त्यावर लिनक्स टाकणं हा साधा आणि फुकटातला उपाय आहे. उबुंटू, लिनक्स मिंट, फेडोरा, डेबियन यांपैकी काहीही पेनड्राइव्हवरून अर्ध्या-पाऊण तासात बसतं.

घोळ होतो तो त्यानंतर. स्क्रीन मस्त दिसते, लॅपटॉप पळायला लागतो, पण कोपऱ्यात वाय-फायचं चिन्हच नसतं. किंवा चिन्ह असतं, नेट जोडलेलंही दिसतं, पण एकही वेबसाइट उघडत नाही. मग "लिनक्स आपल्या कामाचं नाही" असं म्हणून लोक पुन्हा जुनं विंडोज टाकून घेतात.

तशी गरज बहुतेक वेळा नसते. बिघाड नेमका कुठे आहे ते ओळखलं की उपाय छोटाच निघतो. तो कसा ओळखायचा, ते टप्प्याटप्प्याने बघू.

विंडोजमध्ये चालणारं वाय-फाय लिनक्समध्ये का गायब होतं?

लॅपटॉपमध्ये वाय-फायसाठी एक छोटं कार्ड असतं. लॅपटॉप कोणत्याही कंपनीचा असो, त्या कार्डवरची चिप सहसा इंटेल, रिअलटेक, ब्रॉडकॉम, क्वालकॉम किंवा मीडियाटेक यांपैकी एकीची असते. या चिपशी बोलण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमला ड्रायव्हर लागतो. त्याशिवाय अनेक चिपना चालू होताना फर्मवेअर नावाची एक फाइलही पुरवावी लागते. यातलं एक जरी नसेल तरी कार्ड जागेवर असूनही मुकंच राहतं.

लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर आधीपासून असतात, त्यामुळे इंटेलच्या चिप सहसा न सांगता चालतात. अडचण येते ती ज्या कंपन्यांनी आपला ड्रायव्हर खुला केला नाही तिथे. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या चिप हे याचं प्रसिद्ध उदाहरण. २०१२ ते २०१६ च्या दरम्यानच्या एचपी, डेल आणि लेनोव्होच्या अनेक लॅपटॉपमध्ये त्या सापडतात.

याला तत्त्वाचीही एक बाजू होती. ज्याचा सोर्स कोड खुला नाही असं काहीही आपल्या मुख्य इन्स्टॉलरमध्ये ठेवायचं नाही, असा डेबियनचा नियम होता. त्यामुळे डेबियन टाकलं की अनेकांचं वाय-फाय बंद पडायचं. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हा नियम सैल केला आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच मिळू लागलं. म्हणून तुमच्या पेनड्राइव्हवर डेबियनची जुनी आवृत्ती असेल तर आधी नवी घ्या. निम्मी अडचण तिथेच संपू शकते.

ड्रायव्हर आणायला नेट हवं, आणि नेटला ड्रायव्हर हवा. मग करायचं काय?

उत्तर तुमच्या खिशात आहे: मोबाइल आणि त्याची चार्जिंग केबल.

वाय-फायचा ड्रायव्हर नसला तरी केबलने जोडलेल्या मोबाइलवरून नेट घेण्याची सोय लिनक्समध्ये आधीपासून असते. याला यूएसबी टेदरिंग म्हणतात. अँड्रॉइड फोनवर ते असं चालू करा:

- फोन केबलने लॅपटॉपला जोडा. केबल डेटाची हवी. काही स्वस्त केबलमधून फक्त चार्जिंग होतं.
- फोनच्या सेटिंगमध्ये 'हॉटस्पॉट आणि टेदरिंग' शोधा. फोननुसार नाव थोडं वेगळं असेल.
- तिथे 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. केबल जोडल्याशिवाय हे बटण चालू होत नाही.
- काही सेकंदांत लॅपटॉपवर 'वायर्ड' जोडणी दिसू लागेल. पासवर्ड लागत नाही.

आयफोन असेल तर 'पर्सनल हॉटस्पॉट' चालू करून केबल जोडा आणि फोनवर 'ट्रस्ट' दाबा.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, फोन घरच्या वाय-फायला जोडलेला असेल तर बहुतेक अँड्रॉइड फोन तेच नेट केबलमधून लॅपटॉपला देतात, मोबाइल डेटा खर्च होत नाही. दोन, मोबाइल डेटा वापरत असाल तर लिनक्स मागेल ते सगळं अपडेट लगेच सुरू करू नका. नव्या सिस्टिमचं पहिलं अपडेट दिवसाचा दीड-दोन जीबीचा पॅक सहज संपवू शकतं. आधी फक्त ड्रायव्हर घ्या, बाकीचं वाय-फाय चालू झाल्यावर.

राउटर जवळ असेल तर लॅनची केबल लावणं हाही तितकाच सोपा मार्ग आहे.

बिघाड नेमका कुठे आहे?

आधी फोनवर त्याच वाय-फायवरून एखादी वेबसाइट उघडून बघा. फोनवरही उघडत नसेल तर लिनक्सचा काही दोष नाही. वीज जाऊन आल्यावर राउटर नीट सुरू झाला नसेल, रिचार्ज संपला असेल किंवा फायबर कुठेतरी तुटलं असेल.

फोनवर नेट चालतंय आणि लॅपटॉपवर नाही, असं असेल तर खालच्या चारपैकी तुमची अवस्था कोणती ते ठरवा:

१. वाय-फायची नावंच दिसत नाहीत.
२. नावं दिसतात, पण जोडलं जात नाही.
३. जोडलेलं दिसतं, पण वेबसाइट उघडत नाहीत.
४. चालतं, पण सारखं तुटतं.

प्रत्येकाचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा. पहिल्या अवस्थेत डीएनएस बदलून उपयोग नाही आणि तिसऱ्या अवस्थेत ड्रायव्हर शोधत बसून उपयोग नाही. लोकांचा वेळ जातो तो याच गल्लतीत.

पुढे काही ठिकाणी कमांड येतील. त्या टर्मिनल नावाच्या खिडकीत टाइप करायच्या असतात. उबुंटू आणि मिंटमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि टी ही तीन बटणं एकत्र दाबली की टर्मिनल उघडतं. इथे कमांडची अक्षरं सुटी करून दिली आहेत. तुम्ही ती जोडून, छोट्या इंग्रजी अक्षरांत टाइप करा. आकडेही इंग्रजीच वापरा.

अवस्था १ : वाय-फायची नावंच दिसत नाहीत

*आधी बटण बघा.* अनेक लॅपटॉपवर विमानाचं चित्र असलेलं बटण किंवा कडेला छोटा स्विच असतो. तो बंद असेल तर कोणताही ड्रायव्हर कामाला येणार नाही. खात्री करायला टर्मिनलमध्ये आर-एफ-के-आय-एल-एल लिहा, एक जागा सोडून एल-आय-एस-टी लिहा आणि एंटर दाबा. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' समोर 'येस' दिसलं तर बंदी सॉफ्टवेअरची आहे, सेटिंगमधला एअरप्लेन मोड बंद करा. 'हार्ड ब्लॉक्ड' समोर 'येस' असेल तर लॅपटॉपवरचं बटण किंवा बायोसमधली सेटिंग तपासा.

*विंडोजही ठेवलंय का?* एकाच लॅपटॉपवर दोन्ही असतील तर विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' अडथळा आणू शकतं. त्यात शटडाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि कधीकधी वाय-फाय कार्डही तसंच अडकून राहतं. विंडोजमध्ये जाऊन शिफ्टचं बटण दाबून धरत शटडाउन करा, मग लिनक्स सुरू करा. एवढ्याने वाय-फाय आलं तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमधून फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करून टाका.

*आता चिप ओळखा.* टर्मिनलमध्ये एल-एस-पी-सी-आय लिहून एंटर दाबा. यादीत 'नेटवर्क कंट्रोलर' लिहिलेली ओळ शोधा. तिथे कंपनीचं नाव आणि चिपचा नंबर असतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मदत मागताना हा एक फोटो दहा वाक्यांचं काम करतो. वाय-फायचा यूएसबी डोंगल वापरत असाल तर एल-एस-यू-एस-बी ही कमांड द्या.

*मग ड्रायव्हर टाका.* यूएसबी टेदरिंग चालू ठेवून मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा. उबुंटूमध्ये 'अॅडिशनल ड्रायव्हर्स' उघडा. ब्रॉडकॉमची चिप असेल तर तिथे तिच्या ड्रायव्हरचा पर्याय दिसतो. तो निवडा, 'अप्लाय' करा, लॅपटॉप रीस्टार्ट करा. यादी रिकामी दिसली आणि चिप नव्या लॅपटॉपमधली असेल, तर लिनक्सची ताजी आवृत्ती टाकणं हा सर्वांत सरळ मार्ग. नव्या चिपचे ड्रायव्हर नव्या आवृत्त्यांमध्येच येतात.

*निळी स्क्रीन आली तर घाबरू नका.* इथे बरेच जण अडकतात. लॅपटॉपमध्ये 'सिक्युअर बूट' चालू असेल तर बाहेरून टाकलेला ड्रायव्हर तुमच्या परवानगीशिवाय चालू दिला जात नाही. म्हणून ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि रीस्टार्टनंतर निळी स्क्रीन येते. ती थोडेच सेकंद थांबते. लगेच एखादं बटण दाबा, 'एनरोल एमओके' निवडा, मग 'कंटिन्यू', मग 'येस', आणि तोच पासवर्ड द्या. ही पायरी सुटली तर ड्रायव्हर टाकलेला दिसतो, पण वाय-फाय चालतच नाही. मग माणूस दिवसभर चुकीच्या जागी शोधत राहतो.

अवस्था २ : नाव दिसतं, पण जोडलं जात नाही

म्हणजे ड्रायव्हर काम करतोय. आता भांडण राउटरशी आहे.

पासवर्ड टाइप करताना 'दाखवा' हा पर्याय निवडून अक्षरं डोळ्यांनी तपासा. कीबोर्ड मराठीवर असेल किंवा त्याची मांडणी इन्स्टॉल करताना वेगळी निवडली गेली असेल, तर अॅटसारखी चिन्हं भलतीकडेच उमटतात. जुनी जोडणी 'फरगेट' करून नव्याने जोडा.

तरीही नाही झालं तर राउटरची सुरक्षा बघा. फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवलेल्या राउटरला जुनी कार्डं जोडली जात नाहीत. राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ दोन्ही चालतील असा पर्याय निवडा. पासवर्डच काढून टाकू नका.

आणि शेजाऱ्याचं वाय-फाय दिसतंय पण स्वतःचं नाही, असं असेल तर बँडकडे बघा. जुन्या लॅपटॉपची अनेक कार्डं फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर ठेवला असेल तर त्याचं नाव अशा लॅपटॉपला कधीच दिसणार नाही. राउटरवर २.४ गिगाहर्ट्झही चालू करा. मोबाइल हॉटस्पॉटलाही हेच लागू, त्याच्या सेटिंगमध्ये २.४ निवडा.

अवस्था ३ : जोडलेलं दिसतं, पण वेबसाइट उघडत नाहीत

इथे एक छोटी चाचणी करायची. टर्मिनलमध्ये पी-आय-एन-जी लिहून, जागा सोडून ८.८.८.८ लिहा आणि एंटर दाबा. हा गुगलच्या एका सर्व्हरचा पत्ता आहे. ओळीमागून ओळी येऊ लागल्या आणि शेवटी 'एमएस' मध्ये वेळ दिसली, तर तुमचा लॅपटॉप इंटरनेटपर्यंत पोहोचतोय. थांबवायला कंट्रोल आणि सी दाबा.

*उत्तर आलं, पण वेबसाइट उघडत नाही:* बिघाड बहुधा डीएनएसचा. डीएनएस म्हणजे इंटरनेटची फोन डिरेक्टरी. आपण वेबसाइटचं नाव लिहितो, ती त्याचा नंबर शोधून देते. वाय-फायच्या नावासमोरच्या गिअरच्या चिन्हावर क्लिक करा, 'आयपीव्ही४' मध्ये जा, डीएनएसचं 'ऑटोमॅटिक' बंद करा आणि १.१.१.१ व ८.८.८.८ हे दोन पत्ते स्वल्पविराम देऊन लिहा. जोडणी बंद करून पुन्हा चालू करा.

*उत्तरच आलं नाही:* नेट कुठून घेताय ते बघा. कॉलेज, हॉस्टेल किंवा रेल्वे स्थानकाच्या वाय-फायला आधी ब्राउझरमध्ये लॉगिन करावं लागतं, ते पान उघडून लॉगिन करा. आणि केबलवाल्याची वायर राउटरशिवाय थेट लॅपटॉपला लावत असाल तर युजरनेम-पासवर्ड लागण्याची शक्यता मोठी. विंडोजमध्ये ती माहिती कुणीतरी एकदा भरून ठेवलेली असते, म्हणून आपल्याला तिची आठवण नसते. मिंटमध्ये 'नेटवर्क कनेक्शन्स' उघडून अधिकच्या चिन्हावर क्लिक करा, 'डीएसएल/पीपीपीओई' निवडा आणि केबलवाल्याकडून घेतलेलं युजरनेम-पासवर्ड भरा.

*ब्राउझर 'जोडणी सुरक्षित नाही' म्हणतोय:* घड्याळ बघा. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. जुन्या लॅपटॉपच्या मदरबोर्डवरची छोटी बटणसेल संपलेली असेल तर तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि ब्राउझरला सगळीच प्रमाणपत्रं चुकीची वाटतात. तारीख-वेळ हाताने दुरुस्त करा, पुन्हा तसंच झालं तर सेल बदलून घ्या.

विंडोज आणि लिनक्समध्ये बरोबर साडेपाच तासांचा फरक पडत असेल तर मात्र सेल ठीक आहे. लिनक्स लॅपटॉपचं आतलं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज स्थानिक वेळेवर, आणि भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. हा फरक दिसला म्हणून लॅपटॉप उघडायला देऊ नका.

अवस्था ४ : चालतं, पण सारखं तुटतं

बॅटरी वाचवण्यासाठी लिनक्स वाय-फाय कार्डला मधूनमधून झोपवतं. काही कार्डं त्यातून नीट जागी होत नाहीत. उबुंटू आणि मिंटमध्ये याची एक सेटिंग फाइल असते. इटीसी फोल्डरमध्ये नेटवर्कमॅनेजर, त्यात कॉन्फ डॉट डी, आणि त्यात 'वाय-फाय पॉवरसेव्ह ऑन' अशा नावाची फाइल. तिच्यात पॉवरसेव्हसमोर ३ असतो. त्या जागी २ लिहिलं आणि रीस्टार्ट केलं की ही बचत बंद होते. फाइल बदलायला अॅडमिनचा पासवर्ड लागेल.

राउटरच्या शेजारी नेट चालतं आणि पलीकडच्या खोलीत गेलं की जातं, असं होत असेल तर चिपचा नंबर बघा. रिअलटेकच्या ८७२३बीई या चिपची ही जुनी तक्रार आहे. एचपीच्या काही लॅपटॉपमध्ये तिला एकच अँटेना जोडलेली असते आणि ड्रायव्हर नेमकी दुसरी, न जोडलेली अँटेना धरून बसतो. ड्रायव्हरला कोणती अँटेना वापरायची ते सांगता येतं. चिपचा नंबर आणि 'अँट सेल' हे शब्द इंग्रजीत शोधा, उपाय लगेच सापडतो.

तरीही नाही जमलं तर?

मदत मागताना "नेट चालत नाही" एवढंच लिहू नका. चार गोष्टी सांगा: लॅपटॉपचं मॉडेल, लिनक्सचं नाव आणि आवृत्ती, वाय-फाय चिपचा नंबर, आणि वरच्या चारपैकी तुमची अवस्था कोणती. एवढं मिळालं तर समोरच्याला उत्तर देणं सोपं जातं.

एक सावधगिरी मात्र बाळगा. एस-यू-डी-ओ ने सुरू होणारी कमांड पूर्ण सिस्टिमवर हक्क मिळवून चालते. कुठल्याशा व्हिडिओत दिसली म्हणून अशी कमांड टाकू नका. ती काय करते ते कळल्याशिवाय एंटर दाबायचं नाही.

लिनक्सची तोंडओळख मराठीतून हवी असेल तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठीतही मोफत आहेत.

अजून लिनक्स टाकलं नसेल तर ही एक गोष्ट नक्की करा

उबुंटू, मिंट, फेडोरा यांचा पेनड्राइव्ह लावून 'ट्राय' म्हणजे फक्त वापरून बघण्याची सोय असते. याला लाइव्ह मोड म्हणतात. हार्डडिस्कवरचं काहीही न पुसता लिनक्स सुरू होतं. त्यात वाय-फाय जोडून बघा, एखादा व्हिडिओ लावा, प्रिंटर लावून बघा. तिथे चाललं तर इन्स्टॉल केल्यावरही बहुधा चालेल. नाही चाललं तर चिपचा नंबर तिथेच बघून ठेवा आणि तयारीनिशी इन्स्टॉल करा.

सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी तर हे अजिबात चुकवू नये. बोटांचे ठसे घेणारी यंत्रं आणि डिजिटल सहीचे टोकन यांची सॉफ्टवेअर अनेकदा विंडोज धरूनच बनवलेली असतात. लॅपटॉपवर असं काम असेल तर विंडोज पुसू नका, लिनक्स शेजारी टाका. आणि कोणत्याही परिस्थितीत, फॉर्मची शेवटची तारीख दोन दिवसांवर असताना हा प्रयोग करू नका.

थोडक्यात

- आधी फोनवर तपासा, मग लॅपटॉपला दोष द्या.
- ड्रायव्हर आणायला यूएसबी टेदरिंग वापरा.
- नाव दिसत नाही: बटण, फास्ट स्टार्टअप, ड्रायव्हर, सिक्युअर बूट.
- जोडलं जात नाही: पासवर्ड, डब्ल्यूपीए३, ५ गिगाहर्ट्झ.
- साइट उघडत नाही: डीएनएस, लॉगिनचं पान, केबलवाल्याचा पासवर्ड, घड्याळ.
- सारखं तुटतं: पॉवरसेव्ह, अँटेना.

तुमच्या घरात किंवा ग्रुपमध्ये कुणी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायच्या विचारात असेल तर हे त्यांना आधीच पाठवून ठेवा. कारण नेट बंद पडल्यावर त्यांना लॅपटॉपवर हे वाचता येणार नाही.